सात टोचे

"जानेवारीत तुझ्या आईशी भांडायचं नाही, असं बाबा म्हणायचे," स्ट्रुअन म्हणाला आणि हसला. "हॅगिस तिच्या हातात असतं."

किल्टचा पट्टा आवळता आवळता तो बोलला. पाठ भांड्यांच्या फळीकडे, हनुवटी छातीला टेकलेली, बाहेर पाऊस आहे की बर्फ असं विचारावं तितक्या सहज. दुपारचे चार वाजले होते आणि ग्लासगोत जानेवारीत चारला दिवस मिटतो, तसा तो खिडकीबाहेर मिटत होता. नेटाच्या हातात सलगम होता. सोलायला दोन माणसं ठेवलेली होती, पण रिकामे हात मांडीवर ठेवून बसणं तिला कधी जमलं नाही, आणि बसलेल्या बायकांबद्दल तिचं मत काही चांगलं नव्हतं. "काय म्हणालास?" तिनं विचारलं. "अगं, ते त्या वर्षीचं. बाबांचा हात भाजला ते. तू मुद्दाम टोचायचं टाळलंस ना, ते." सुरी सलगमात अर्धी जाऊन थांबली. "कोण म्हणालं तुला?" "बाबाच. इस्पितळात, शेवटच्या आठवड्यात. काय हसत होते! खोकला येईपर्यंत हसले, मग ती नर्स येऊन मलाच ओरडली." तेवढ्यात पुढच्या दालनातून आयल्साची, त्याच्या बायकोची, हाक आली, खुर्च्या अजून आठ कमी पडताहेत म्हणून, आणि तो गेला. जाता जाता आईच्या खांद्यावर हलकी थाप मारून गेला. गिऱ्हाइकाच्या कुत्र्याला मारतात तशी.

नेटानं तो सलगम सोलून पुरा केला. मग दुसरा घेतला. बाईच्या डोक्यावर छप्पर कोसळलं तरी हातातलं काम पुरं करायचं असतं, हे तिला चौदाव्या वर्षी शाळा सोडून क्रिस्सी मावशीच्या खाटकाच्या दुकानात उभं राहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. छप्पर तर कोसळलंही नव्हतं. एकोणीस वर्षं जी गोष्ट तिनं एकटीनं सांभाळली, पोटाशी धरून झोपली, जिच्यासकट मरायचं असं मनाशी ठरवून टाकलं होतं, ती मुळी तिची एकटीची नव्हतीच, एवढंच कळलं होतं. तो म्हातारा, तिचा नवरा, ती घेऊन गेला होता. जाताना मुलाच्या हातात ठेवून गेला होता, आणि वर हसून.

या एका आठवड्यात या शहराला काय होतं कुणास ठाऊक. वर्षभर आपल्या देशाच्या कवीचं नावही न काढणारी माणसं जानेवारीची पंचवीस तारीख, त्याचा वाढदिवस, आली की गुडघे उघडे टाकून बाहेर पडतात. झाडून सगळ्या खाणावळी काचेवर चौकड्यांचं कापड लावतात. नदीपलीकडचा नूडल्सवालासुद्धा दारात पाटी लावतो की आमच्याकडेही कवीच्या वाढदिवसाचं जेवण मिळेल, सलगम आणि बटाट्यासकट. नेटाला त्याचा राग नव्हता. पोटासाठी कोण काय करत नाही. राग होता तो मोठ्या हॉटेलांचा. तिथे हॅगिस चमचाभर देतात, बशीच्या मधोमध, वर एक पान उभं करून, आणि त्याला परंपरा म्हणतात. मॅकिन्डोंच्या, तिच्या घरच्या, खाणावळीत तसं कधी झालं नव्हतं. इथे आधी प्रार्थना व्हायची, मग सगळे उभे राहायचे, बॅगपाइपवाला दारातून आत यायचा आणि त्याच्यामागून पितळी परातीत ते यायचं, भलंमोठं, तान्ह्या पोराएवढं, चकचकीत, वाफाळलेलं. टाळ्यांच्या ठेक्यावर दालनाला फेरी. मग घरचा पुरुष सुरी घेऊन त्याच्यापुढे उभा राहायचा आणि त्या कवीनं हॅगिसवर रचलेली कवनं म्हणायचा, आठ कडवी, जुन्या बोलीत, त्या हॅगिसला जणू सासऱ्याच्या पंगतीला बसलेला जावई समजून. तिसऱ्या कडव्यात सुरी वर उचलायची आणि ठरल्या शब्दाला खुपसायची. आवरण फाटतं, आतलं सगळं वाफेसकट उसळून बाहेर येतं, बायका किंचाळतात, पुरुष प्याले आपटतात. आणि त्या पुरुषाला वाटतं, हे आपण केलं.

कुणी केलं ते नेटाला माहीत होतं. मेंढीचं काळीज, कलेजी, फुप्फुस, ओट, कांदा, चरबी, मिरी, सगळं आवरणात, म्हणजे तिच्याच जठराच्या पिशवीत, भरून तीन तास मंद पाण्यात ठेवलं की ते आतून श्वास कोंडून बसतं. बाहेरून दिसायला शांत, गुळगुळीत. तसंच परातीत घालून पुढे पाठवलं आणि त्यात सुरी गेली, तर ते उसळत नाही, फुटतं. उकळती चरबी दोन हात लांब उडते. क्रिस्सी मावशीनं तिला दाखवलं होतं, मोज्यांना रफू करायची जाड सुई घ्यायची, पाण्यातून काढल्या काढल्या सात टोचे मारायचे, पाठीवर, जिथे सुरी जाणार तिथे. फुस्स करून वाफ सुटते, म्हातारा खुर्चीत बसताना सोडतो तसा सुस्कारा. पाच मिनिटं थांबायचं, कापडानं पुसायचं, लोण्याचा हात फिरवायचा. भोकं दिसतही नाहीत. "पुरुषांना हे सांगायचं नाही," मावशी म्हणाली होती. "त्यांना वाटू दे." मावशी लग्न न करता मेली, आणि तिला पुरुषांबद्दल जेवढं कळलं होतं तेवढं तीन लग्नं केलेल्या बायकांनाही कळलेलं नेटानं पाहिलं नाही.

वॉटीलाही कधी सांगितलं नव्हतं. तीच तर गंमत. वॉल्टर मॅकिन्डो, सगळ्यांचा वॉटी, गोदीवरून सुटल्यावर त्यानं दालन सांभाळलं आणि तिनं स्वयंपाकघर. दोघांच्या मध्ये एक झुलतं दार. तो बोलायचा, ती रांधायची. लोकांना वाटायचं खाणावळ वॉटीची आहे. त्याला कवनं सगळी पाठ, आवाज असा की शेवटच्या टेबलावरच्या बहिऱ्यालाही ऐकू जावा. तो वाचायचा. रात्री अंथरुणात, जेवताना, न्हाणीघरात. नेटाला अक्षर लावून लावून वाचता यायचं, मांसावरची चिठ्ठी, बसची पाटी. त्यापुढे तिला गरज पडली नाही, आणि कुणी काही वाचायला सांगितलं तर ती म्हणायची की चष्मा घरी राहिला. लग्नाआधी वॉटीनं तिला एक पत्र पाठवलं होतं. तीन पानं. एकटीनं बसून वाचायला आठवडा गेला असता, आणि तिच्यात तेवढा धीर नव्हता. तिनं ते मावशीकडे नेलं. मावशीनं सुरी पुसून बाजूला ठेवली, तो कागद उजेडाला धरला आणि दुकानातल्या सहा गिऱ्हाइकांपुढे, सॉसेज तोलता तोलता, मोठ्यानं वाचला. तुझे केस, तुझी मान, सगळं. एक बाई तर म्हणाली, "ते मानेचं पुन्हा वाच गं, क्रिस्सी." नेटानं हे वॉटीला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सांगितलं, दिवा मालवल्यावर, तोंड भिंतीकडे करून. तो हसला नव्हता. तिच्या मानेवर हात ठेवून पडून राहिला होता. त्या वेळी तिला वाटलं होतं की ती गोष्ट आता जाईल तिथे गेली.

एकोणीस वर्षांपूर्वी पंचवीस तारखेच्या दोन दिवस आधी तिनं न्हाणीघराच्या बंद दारातून ती परत ऐकली. जेवणानंतर बायकांच्या नावानं प्याला उचलायचा असतो, त्याआधी भाषण, बायकांची चेष्टा करायची, मग एखादी बाई उठून पुरुषांची करते. वॉटी दाढी करता करता आरशापुढे भाषण घोटत होता. "आणि माझी नेटा," तो म्हणत होता, "माझं प्रेमपत्र खाटकाच्या काट्यावर तोलून बघणारी एकटीच बाई." मग थांबला, जिथे लोक हसतील तिथे. मग तेच पुन्हा, जरा हळू, जरा गोड आवाजात. नेटा बाहेर धुतलेले पंचे घेऊन उभी. तो बाहेर आल्यावर तिनं सांगितलं, "ते काढ." "अगं, त्यात काय? लोकांना आवडेल. किती गोड गोष्ट आहे." "वॉटी, ते काढ." "तुला ना, नेटा, थट्टा म्हणून कळत नाही. ऐंशी माणसं तुझ्यावर प्रेम करायला लागतील बघ." गालावरचा साबण पुशीत तो गेला. ऐंशी माणसं. तिला एकाही माणसाचं प्रेम नको होतं, तिला तो कागद परत हवा होता, मावशीच्या हातातून, सहाच्या सहा बायकांच्या कानांतून.

ठरवून केलं म्हणावं तर तसंही नाही. त्या संध्याकाळी तिनं हॅगिस पाण्यातून काढलं, कापडावर ठेवलं, सुई उरावरच्या एप्रनमध्ये टोचलेली होती ती काढलीसुद्धा. आवरण तणाणलेलं होतं. त्याच्याकडे बघत ती उभी राहिली. मग सुई परत एप्रनमध्ये खोचली आणि लोण्याचा हात फिरवला. एवढंच. नंतर दाराच्या फटीतून तिनं पाहिलं, तिसरं कडवं, सुरी वर, वॉटीचा तो लालबुंद आनंदी चेहरा, आणि मग चिंधी फाटावी तसा आवाज. उकळती चरबी उजव्या मनगटापासून अंगठ्यापर्यंत, आणि एक शिंतोडा डाव्या डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर. बोटभर. ते बोटभर अंतर नेटानं नंतर कितीतरी वेळा अंधारात मोजलं होतं. तो ओरडला नाही. आठही कडवी पुरी केली, हात ओल्या रुमालात गुंडाळून. लोक धावले तेव्हा म्हणाला, "काही नाही, आवरण जुनं निघालं. खाटीक बदलायला हवा." जेवणानंतर भाषणाला उभा राहिला, आणि प्रेमपत्राचं बोललाच नाही. बाकी सगळं बोलला, तिच्या घोरण्याचं, तिच्या सुरीचं, तिच्या जिभेचं. तेवढं वगळलं. नेटाला वाटलं दुखण्यापायी विसरला. घरी आल्यावर हाताला मलम लावताना ती त्याच्याकडे बघतही नव्हती, आणि तो म्हणाला, "खरंच जुनं होतं बघ, नेटा." ती म्हणाली, "हो." त्या "हो"नं पुढची अकरा वर्षं निभावून नेली.

आता सलगम संपले होते. ती बटाट्यांकडे वळली. म्हणजे आवरण जुनं होतं हे तिला सुचण्याआधी त्यानंच सुचवलं होतं. तयार खोटं हातात आणून दिलं, आणि तिनं ते धरलं, आभारसुद्धा न मानता. आणि त्याहून वाईट हे की त्यानंतर ती त्याला मनातून जरा कमी लेखायला लागली. एवढा वाचणारा माणूस, आणि स्वतःचा हात कुणी भाजला हे कळत नाही! जेवताना त्याच्या मनगटावरचा तो गुलाबी, आकसलेला कातडीचा तुकडा दिसला की तिला लाज वाटायची आणि लाजेच्या आतल्या बाजूला एक बारीकशी ऊबही वाटायची, की याला माहीत नाही, मला माहीत आहे. सगळ्या जन्मात हे एकच होतं जे तिला येत होतं आणि त्याला नाही. आता तेही नाही. तो सगळं वाचून बसला होता, पहिल्या दिवसापासून, आणि पान मिटून ठेवलं होतं.

मग पुढची अकरा वर्षं? बटाटा तिच्या हातून पाण्यात पडला. पुढची अकरा वर्षं दर जानेवारीला तो तिथे जाऊन उभा राहिला. प्रार्थनेपासून तो मुख्य टेबलाशीच असायचा, स्वयंपाकघरात यायला फुरसतच नाही. परात सरळ आतून त्याच्यापुढे जायची. तपासायची काही सोय नव्हती. टोचलंय की नाही हे त्याला कळणं शक्य नव्हतं. आणि त्या वर्षीनंतरच त्यानं एक नवं सोंग काढलं होतं. सुरी खुपसण्याआधी वाकायचा, हॅगिसच्या इतका जवळ तोंड न्यायचा की नाक टेकावं, डोळे मिटून वास घ्यायचा. लोक हसून लोळायचे. नेटा फटीतून बघायची आणि मनात म्हणायची, सोंगाड्या. त्या अकरांतल्या दोन वर्षी तर त्यांचं भांडण होतं, एकदा आठ दिवस बोलणं बंद होतं, स्ट्रुअनच्या लग्नाच्या वेळी. तेव्हाही वाकला होता. तोंड तिथे, डोळे मिटलेले. तो भरवसा होता की "कर बघू पुन्हा" असं सांगणं होतं? की तो म्हातारा दर वर्षी एकदा ऐंशी माणसांपुढे तिला माफ करत होता, आणि तिला तेवढंही वाचता आलं नाही? विचारायचं कुणाला. माणूस मातीत आठ वर्षं.

सात वाजता दालन भरलं. मागच्या गल्लीत डेव्ही टलक बॅगपाइपमध्ये हवा भरत होता. सत्तरीचा गडी, तीस वर्षं इथेच वाजवतोय. दारातून डोकावून म्हणाला, "काय नेटा, मुलाचे गुडघे पाहिलेस? अगदी बापाचे." "तुझे झाक आधी," ती म्हणाली. "लोकांना जेवायचंय." "आज तोंड का उतरलंय?" "तुझं वाजवणं ऐकायचंय म्हणून." डेव्ही खूष होऊन गेला. तिच्या तोंडून शिवी आली की त्याला सगळं जागच्या जागी असल्यासारखं वाटायचं. आयल्सा आली, केस वर बांधलेले, अंगावर आजीचं चौकड्यांचं उपरणं. पोरगी वाईट नव्हती, फक्त सगळ्या गोष्टी आधी कागदावर लिहायची. "नेटा, तुम्ही रविवारचं मनावर घेतलंत का अजून?" तिनं हळूच विचारलं. "स्ट्रुअनला तसं म्हणायचं नव्हतं." रविवारी स्ट्रुअन म्हणाला होता की पुढच्या वर्षीपासून हॅगिस कारखान्यातून तयार आणायचं, आईनं आता चुलीशी उभं राहू नये, पाय बघ कसे सुजतात. नेटानं त्याला जे सुनावलं ते आयल्सानं नक्कीच कागदावर लिहिलं नसेल. "त्याला जे म्हणायचं होतं ते त्यानं म्हटलं," नेटा म्हणाली. "पाय माझेच आहेत, मला दिसतात. परात गरम करून ठेव." म्हणजे दुपारची ती थट्टा नुसती थट्टा नव्हती. भांडण झालेलं होतं, महिना जानेवारी होता, आणि मुलाला ते आठवलं होतं.

हॅगिस पाण्यातून काढायला तिला दोन्ही हात लागले. पूर्वी हे एका हाताचं काम. कापडावर ते ठेवलं, वाफ चष्म्यावर आली, आणि त्या धुक्यात तिला वॉटी इस्पितळाच्या पांढऱ्या चादरीत हसताना दिसला, खोकला येईपर्यंत, मुलाला सांगताना. का सांगितलं असेल? मुलाला सावध करायला? की एवढी मोठी गंमत कुणाला तरी सांगितल्याशिवाय मरवेना म्हणून? त्याला ते गंमत वाटत होतं का? सुजलेल्या जिभेनं, सुया टोचलेल्या हातानं, शेवटच्या आठवड्यात तो त्यावर हसला, आणि त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नेटा त्याच्या उशाशी बसून त्याला सूप भरवत होती आणि मनात म्हणत होती, सांगावं का, सांगावं का, आता नाही तर कधी. चमचा ओठाशी. तो तिच्याकडे बघत होता. तिला वाटलं वेदनेनं बघतोय. तिनं तोंड पुसून दिलं. मग आयल्सानं परात उचलली, डेव्हीच्या बॅगपाइपचा पहिला सूर भिंतींना थडकला, झुलतं दार दोनदा झुललं आणि थांबलं. स्वयंपाकघर एकदम रिकामं झालं. नेटानं नळ बंद केला. हात धुतलेले होते. ते पुसता पुसता ती मध्येच थांबली.

टोचलं का?

तिनं मागे जाऊन बघायचा प्रयत्न केला. कापड आठवत होतं. लोणी आठवत होतं, बोटांना. मध्ये काय? मध्ये वॉटी, चादर, सूप. उरावरच्या एप्रनमध्ये सुई जागच्या जागी होती, पुसलेली, कोरडी. पण ती तशीच असते, टोचलं की पुसायची हा मावशीचा नियम, आणि न टोचली तर पुसायची गरजच नाही. सुई काही बोलेना. ओट्यावरचं कापड आयल्सानं धुण्यात टाकलेलं. चाळीस वर्षं हात जे डोक्याला न विचारता करत आला, ते त्यानं आज केलं की नाही, हे आता डोकं त्याला विचारत होतं आणि हात मुका होता. की हातानं मुद्दामच नाही केलं? एकदा त्यानं केलं होतं तसं. त्या वेळीही तिनं ठरवलं नव्हतं. रविवारचं भांडण, दुपारची ती खांद्यावरची थाप. बाई, तुझ्या पोटात काय आहे हे तुला तरी माहीत आहे का?

दाराआड बॅगपाइप थांबला. टाळ्या. मग स्ट्रुअनचा आवाज. त्याला बापाचा आवाज नव्हता, पण शब्द स्वच्छ. पहिलं कडवं. नेटाला ती सगळी तोंडपाठ होती, न वाचता, दाराआडून ऐकून ऐकून. कुठे श्वास घ्यायचा तेसुद्धा. प्रत्येक कडव्याला सहा ओळी. तिनं बोटांवर धरलं. आत जाऊन थांबवावं? कवनं चालू असताना मध्ये कुणी चालत नाही, बोलत नाही, खोकतही नाही. या शहरात लग्नात कुणी पाद्र्याला थांबवेल, पण हे नाही. आणि एप्रनमधली म्हातारी ऐंशी माणसांसमोर तिथे गेली तर मुलाला कळेलच की आईला स्वतःचा भरवसा उरला नाही. उद्या पाय, परवा डोकं. पुढच्या वर्षी चुलीशी उभं राहू दे म्हणायचं तिला तोंड राहणार नाही. न जावं, तर कदाचित काहीच होणार नाही. बहुतेक होणारच नाही. बहुतेक टोचलेलंच असेल. दुसरं कडवं. बोटभर अंतर. स्ट्रुअन बापापेक्षा उंच आहे, पण वाकतो. बापाचं ते सोंगही त्यानं उचललं होतं. वॉटी गेल्यापासून सात वर्षं तोही वाकून वास घेतो, लोकांना ते आठवतं म्हणून. डोळे मिटून.

तिनं दार ढकललं.

गरम, गर्दीचा, व्हिस्कीचा वास. सगळ्यांच्या पाठी. खुर्च्या इतक्या लागून लावलेल्या, आठ जास्तीच्या, की तिला आडवं होऊन जावं लागलं. कुणीतरी हसलं. कुणीतरी "नेटा!" म्हणून टाळी वाजवली, आणि मग आणखी चार जणांनी वाजवली, त्यांना वाटलं हा यंदाचा नवा प्रकार आहे. डेव्ही भिंतीशी उभा होता त्याचं तोंड उघडं पडलं. सहावी ओळ संपली, तिसऱ्याची पहिली सुरू झाली, सुरी वर गेली, आणि नेटा टेबलाच्या आणि मुलाच्या मध्ये जाऊन उभी राहिली. स्ट्रुअनचा हात वरच राहिला. आवाज तुटला. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती वाकली. वाफेनं चष्मा झाकला, काही दिसेना, तेव्हा तिनं डोळे सोडून दिले आणि अंगठा टेकवला. भाजलं. पाठीवर, जिथे सुरी जाणार तिथे, लोण्याखाली, बारीक खरखर. एक. दोन. तिचा अंगठा घसरला, पुन्हा लावला. तीन, चार. दालनात हसू चालू होतं, कुणीतरी म्हणत होतं, "वास घे, नेटा, वॉटीसारखा!" पाच. सहा. सातवा सापडेना, मग सापडला, बाजूला, जरा वाकडा.

टोचलं होतं. तिनं टोचलं होतं. तिनं टेबलाची कड धरली. आता काहीतरी फटकळ बोलायचं आणि परत फिरायचं, लोक हसतील, गोष्ट संपेल. तेवढ्यात स्ट्रुअन वाकला. लोकांना वाटलं सोंग पुढे चाललंय. तो तिच्या कानाशी आला. त्याच्या अंगाला बापाच्या कोटाचा वास होता.

"टोचलंय, आई," तो म्हणाला. हळू, प्रेमानं. "मी आत येऊन हात लावून बघितलं होतं. तू नळाशी पाठमोरी हात धूत होतीस तेव्हा."

नेटानं चष्मा काढला. मुलाचा चेहरा अगदी जवळ, घामेजलेला, काळजीचा. त्यात लबाडी नव्हती. "आजच?" तिनं विचारलं.

त्याला खोटं बोलता यायचं नाही, लहानपणापासून. "दर वर्षी बघतो," तो म्हणाला. "बाबांनी सांगितल्यापासून. बघायला काय लागतं, म्हणून."

"बरोबर आहे," नेटा म्हणाली. "बघावंच."

बरोबरच होतं. बाहेर जाणारी प्रत्येक गोष्ट जाण्याआधी बघून घ्यायची, हे तिनंच त्याला, तो स्टुलावर उभा राहून भांडी पुसायचा तेव्हा, शिकवलं होतं. वॉटीला असं काही शिकवणं तिला जमलं नव्हतं. अकरा वर्षं, डोळे मिटून. शहाणा कोण आणि वेडा कोण, आणि या दोघांपैकी तिला आपलं मानणारा कोण, हे ठरवायला आता अंगात जोर नव्हता.

"पहिल्यापासून म्हण," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मध्येच तोडलेलं चालत नाही. आणि लवकर आटप, लोक भुकेले आहेत." दालन हसलं. डेव्हीनं पाय आपटला. स्ट्रुअननं घसा खाकरून पहिलं कडवं पुन्हा धरलं.

स्वयंपाकघराचं दार वीस पावलांवर होतं. मधे सगळ्या खुर्च्या. नेटानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला ती वीस पावलं फार वाटली. भिंतीलगत एक खुर्ची रिकामी होती, ज्याची होती तो नळाशी वगैरे गेला असेल. ती तिथे बसली. एप्रनची गाठ मागे खुपत होती, ती तिनं सोडली नाही. शेजारच्या अनोळखी बाईनं टेबलावरून तिच्याकडे काटा आणि सुरी सरकवली, आणि रुमाल उलगडून तिच्या मांडीवर ठेवला.